काटा साडेपाच बारला अडकतो: स्विच बदलण्याआधी घड्याळ लावा

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला आहे. आधी तो थोडक्यात. दोन एचपीचा, सिंगल फेज, पट्ट्यावर चालणारा, दोन सिलिंडरचा कॉम्प्रेसर आहे आणि टाकी ५० लिटरची. घराला लागून शेड आहे. गाड्यांत हवा भरणे, फिल्टर आणि रेडिएटर झाडणे, अधूनमधून लोखंडी गेटला स्प्रे मारणे एवढाच वापर. पूर्वी ८ बारला (बार म्हणजे हवेचा दाब मोजायचे एकक) मोटर आपोआप बंद व्हायची. पावसाळा संपल्यापासून काटा साडेपाचच्या पुढे सरकत नाही आणि मोटर थांबत नाही. स्विचपाशी फुसफुस ऐकू येते. संध्याकाळी लाईट जाऊन आली की मोटर नुसती गुणगुणते, उठत नाही. मेकॅनिक म्हणतो प्रेशर स्विच बदला. बदलावा का?

आत्ता तरी बदलू नका. प्रेशर स्विच हवा तयार करत नाही. ठरलेल्या दाबाला मोटरचा करंट तोडायचा आणि दाब उतरला की परत जोडायचा, एवढेच त्याचे काम. तुमची मोटर साडेपाचला चालूच राहते, कारण स्विचपर्यंत ८ बार अजून पोहोचलेलेच नाहीत. म्हणजे हवा कमी तयार होते आहे, किंवा तयार झालेली वाटेत जाते आहे. स्विचच्या बाजूला बसवलेला अनलोडर, म्हणजे मोटर थांबल्यावर नळीतली हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, मात्र संशयित आहे. त्याच्याकडे पुढे येऊ.

पाना हातात घेण्याआधी मोबाइलचे स्टॉपवॉच काढा. टाकी पूर्ण रिकामी करा. ड्रेन कॉक आणि बाहेर जाणारा कॉक दोन्ही घट्ट बंद करा, म्हणजे रेग्युलेटर आणि पाइप हिशेबातून बाहेर राहतील. टाकी रिकामी असताना काटा शून्यावर बसतो का बघा. बसत नसेल तर पुढचे सगळे आकडे तेवढ्याने चुकतील, तेव्हा आधी गेज बदला. मग मोटर सुरू करून काटा २, ४ आणि ५ बारला कधी पोहोचतो ते लिहा.

आता हिशेब. ५० लिटरच्या टाकीत ८ बार भरायचे म्हणजे समुद्रकाठी साधारण ४०० लिटर मोकळी हवा लागते. बेळगाव-खानापूरचा पट्टा सहाशे ते साडेसातशे मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाबच सात-आठ टक्क्यांनी कमी. म्हणून आपल्याकडे तेवढ्याच कामाला ४३० लिटर धरा. दोन एचपीच्या पंपावर ७ सीएफएम (मिनिटाला घनफूट) लिहिलेले असेल तर तो आकडा पिस्टनने कापलेल्या जागेचा असतो. म्हणजे मिनिटाला सुमारे २०० लिटर, आणि त्यातली ६५ टक्के, म्हणजे १३० लिटरच्या आसपास, खरोखर टाकीत जाते. चांगल्या स्थितीतला असा पंप शून्यापासून ८ बारपर्यंत तीन ते चार मिनिटांत पोहोचला पाहिजे आणि ४ बारचा टप्पा दीड मिनिटाच्या आत-बाहेर गाठला पाहिजे. तुमच्या पाटीवर वेगळा सीएफएम असेल तर त्याच प्रमाणात वेळ काढा.

या वेळेवरून अर्धे निदान होते. सुरुवातीपासूनच सगळे संथ असेल, म्हणजे २ बारलाच दोन मिनिटे लागत असतील, तर पंप हवा खेचत नाही किंवा खेचलेली परत सोडतो. त्यात एअर फिल्टर, व्हॉल्व्हच्या पत्त्या (हवा आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या पातळ पट्ट्या), हेडचे पॅकिंग आणि पिस्टनच्या रिंगा येतात. ४ बारपर्यंत घोडे वेळेवर आणि पुढे अडत असेल तर पट्टा घसरतो का ते आधी बघा, कारण भार वाढला की घसरणे सुरू होते. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला की १० ते १२ मिमी खाली जावा. पुलीजवळ काळी भुकटी आणि जळक्या रबराचा वास असेल तर वेगळा पुरावा नको. मोटर नुकतीच रिवाइंड करून आणली असेल तर फिरण्याची दिशाही तपासा. उलटी फिरली तरी पंप हवा भरतो, पण मोठ्या चाकाचा वारा सिलिंडरवर यायचा तो उलट बाजूला जातो आणि हेड तापते. काही पंपांत तेल उडवणारा चमचाही एकाच दिशेसाठी असतो. पंपावर बाण असतो, त्याप्रमाणे ठेवा.

आता गळतीकडे. साबणाचे पाणी घेऊन सगळे जॉइंट शोधत बसण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. ७ बारला १ मिमीच्या छिद्रातून मिनिटाला साधारण ७० लिटर हवा जाते. तुमचा पंप मिनिटाला १३० लिटर देतो. नुसत्या गळतीमुळे काटा साडेपाचला अडकायचा तर पंप जेवढी हवा देतो तेवढी सगळी बाहेर जावी लागेल. तशी गळती अंगणात उभे राहून ऐकू येते, ती शोधावी लागत नाही. साबणाचे दोन-चार बुडबुडे येणारा जॉइंट मोटर रात्री उगाच सुरू करेल, पण काटा अडवणार नाही. त्यामुळे स्विचपाशी सुसाट आवाज असेल तर गोष्ट वेगळी, आणि बारीक फुसफुस असेल तर मुख्य रोग पंपातच आहे असे समजून चाला.

ती फुसफुस नेमकी कधी होते हे तुम्ही लिहिलेले नाही आणि सगळे त्यावरच आहे. मोटर बंद झाल्यावर दोन-तीन सेकंद ‘फुस्स’ होऊन आवाज थांबत असेल तर ते बरोबर आहे. पंप ते टाकी या तांब्याच्या नळीत अडकलेली हवा अनलोडर सोडतो, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला रिकाम्या पंपावर सुरू होता येते. मोटर बंद आहे आणि फुसफुस थांबतच नाही, टाकीचा काटाही हळूहळू उतरतो आहे, तर दोष स्विचचा किंवा अनलोडरचा नाही. टाकीच्या तोंडाशी बसवलेला पितळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे हवा टाकीत जाऊ देणारा पण परत न सोडणारा, धरत नाही. टाकीतली हवा उलटी नळीत येते आणि उघड्या अनलोडरातून बाहेर पडते. इथे भले भले स्विच बदलून बसतात आणि नवा स्विचही तसाच फुसफुसतो. याउलट मोटर चालू असताना आवाज येत असेल तर अनलोडरच नीट बंद होत नाही. त्याची बारीक पिन कचऱ्याने अडकली आहे, किंवा स्विचची दांडी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सुसाट आवाज करणारा असा अनलोडर काटा खरोखर अडवू शकतो. तरी पूर्ण स्विच घेण्याची गरज बहुधा नसते, अनलोडर वेगळा मिळतो.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खोलणे घरी जमण्यासारखे आहे, मात्र टाकी पूर्ण रिकामी असताना. प्लग काढा. ड्रेन उघडा आणि काटा शून्य दाखवत असला तरी ड्रेन उघडाच ठेवा. तांब्याची नळी गरम असते, थंड होऊ द्या. नळीचा नट आणि अनलोडरची बारीक नळी सोडवून व्हॉल्व्हच्या डोक्याचा षटकोनी नट काढला की आत स्प्रिंग आणि रबराची किंवा टेफ्लॉनची चकती मिळते. चकतीवर काळी खपली चिकटलेली असते. ती पंपाच्या हेडमधून उडून आलेल्या कार्बनची असते. साबणाच्या पाण्याने पुसा. चकतीवर गोल खाच पडली असेल आणि दोन्ही बाजू सारख्या असतील तर उलटी करून बसवा, काही काळ चालेल. पितळी बैठकीवर ओरखडा असेल तर पूर्ण व्हॉल्व्ह नवा घ्या. परत बसवताना टेफ्लॉन टेप फक्त टाकीत जाणाऱ्या आट्यांवर, आट्यांच्याच दिशेने तीन-चार वेढे, पहिला आटा मोकळा सोडून. नळीच्या नटाला टेप लावू नका. तिथे पितळी रिंग दाबून बसते, टेप मध्ये आला की ती बसत नाही. खपली सापडली तर ती कुठून आली याचा विचार करा, कारण तीच घाण पत्त्यांवरही असणार.

लाईट जाऊन आल्यावर मोटर गुणगुणते त्याचे कारण याच अनलोडरमध्ये आहे, आणि ते नीट समजून घ्यावे असे आहे. प्रेशर स्विचने स्वतः मोटर बंद केली तरच अनलोडर उघडतो. मध्येच करंट गेला तर स्विच चालूच्या स्थितीत राहतो, अनलोडर बंद राहतो आणि नळीत चार-पाच बार दाब कोंडलेला राहतो. करंट परत आला की मोटरला उभ्या दाबावर पिस्टन ढकलावा लागतो. सिंगल फेज मोटरची सुरुवातीची ताकद मुळात बेताची, ती उठत नाही, गुणगुणते आणि वायंडिंग तापते. भिंतीवरच्या बटणाने बंद करणारेही नेमके हेच करतात. म्हणून बंद करायचे ते स्विचवरच्या लाल बटणाने किंवा नॉबने, आणि फुस्स ऐकूनच पुढचे. चालू असताना लाईट गेली तर लगेच नॉब ‘बंद’कडे फिरवा. हे आजपासून करा, दुरुस्ती नंतर झाली तरी चालेल. गुणगुणणारी मोटर पाच सेकंदांवर ठेवू नका.

पण संध्याकाळच्या व्होल्टेजचाही वाटा असू शकतो. लाईनच्या टोकाला असलेल्या गावात पंपसेट सुरू झाले की दिवे मंदावतात. मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर ताकद ६१ टक्क्यांवर येते, हे चारचौघांना खरे वाटत नाही. हे दोन दोष वेगळे करायला टाकी पूर्ण रिकामी करून मोटर सुरू करा. रिकाम्या टाकीवर चटकन उठते आणि भरलेल्यावर नाही, तर अनलोडर किंवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. रिकाम्यावरही गुणगुणते, तर व्होल्टेज, कंडेन्सर किंवा मोटर. व्होल्टेज बोर्डावर नव्हे, मोटरच्या टर्मिनलवर, सुरू होण्याच्या क्षणी मोजा. २००च्या खाली पडत असेल तर केबल बघा. दोन एचपीला २.५ चौरस मिमीची तांब्याची तार लागते. घरगुती एक्स्टेन्शन बोर्डावर कॉम्प्रेसर चालवू नका. दूर काम असेल तर हवेचा पाइप लांब घ्या, वायर नको. कंडेन्सर फुगलेला किंवा पाझरलेला दिसला तर त्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा घ्या. हात लावण्याआधी प्लग काढून जुन्या पिवळ्या बल्बच्या होल्डरच्या वायरी त्याच्या टोकांना लावून तो रिकामा करा. मल्टीमीटर हाताळायची सवय नसेल तर हा भाग वायरमनकडूनच करून घ्या.

आता पंपाकडे, कारण तुमच्या लक्षणांत मुख्य आरोपी तोच दिसतो. आधी दोन्ही एअर फिल्टर काढून पंप एक मिनिट फिल्टरशिवाय चालवा. वेळ लगेच सुधारली तर घोडे तिथेच पेंड खाते. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्रीच्या वाळूची बारीक धूळ, वडगाव-शहापूरकडे मागाचा कापूस, निपाणीकडे तंबाखूची भुकटी, आणि पावसाळ्यात शेडमधली बुरशी. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा तरी झाडायलाच हवा. फिल्टरशिवाय कायम मात्र चालवू नका. वाळूचे कण रिंगा खातात.

फिल्टर काढलेलाच असताना दोन्ही तोंडांसमोर कागदाची पट्टी धरा. चांगल्या सिलिंडरपाशी ती आत ओढली जाते आणि थरथरत राहते. एखाद्या तोंडातून हवा उलटी बाहेर फेकली जात असेल, पट्टी फडफडत दूर जात असेल, तर त्या सिलिंडरची आत घेणारी पत्ती तुटली किंवा तिच्याखाली कार्बन अडकला. एक तोंड ओढतच नसेल आणि त्याच बाजूचे हेड जास्त तापत असेल, तर बाहेर सोडणारी पत्ती धरत नाही, दाबलेली हवा प्रत्येक फेरीला परत सिलिंडरमध्ये येते. दोन सिलिंडरची नळी एकच असेल तर एकाने भरलेली हवा दुसरा गिळतो, आणि काटा चार-सहा बारच्या मध्ये कुठेतरी ठाण मांडतो. तुमचे साडेपाच बहुधा हेच आहे.

हेड खोलताना बोल्ट तिरपे-समोरासमोर, अर्धा अर्धा फेरा सैल करा. व्हॉल्व्ह प्लेट काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, पत्त्या उलट बसल्या तर पंप हवाच देणार नाही. प्लेट रॉकेल किंवा डिझेलमध्ये रात्रभर बुडवा, मग पितळी ब्रशने घासा. बैठकीवर पोलादी ब्लेड फिरवू नका, एक ओरखडा पुरतो. पत्तीचा कोपरा तुटला असेल, ती वाकली असेल किंवा तिच्यावर निळसर डाग असेल तर ती टाकून द्या आणि दोन्ही सिलिंडरच्या पत्त्या एकदमच बदला. नंतर पत्ती बैठकीवर बसवून तिच्या मागच्या बाजूने थोडे रॉकेल ओता. एक मिनिटात थेंब गळला नाही तर पत्ती धरते. ओल येते पण थेंब नाही, तेवढे चालते. प्लेटच खरवडलेली असेल तर जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात घासा, शेवटी ८००. खोल खड्डा असेल तर हाताने भरून येत नाही. उद्यमबागेत सरफेस ग्राइंडिंग करणाऱ्याकडे थोडे उतरवून घ्या.

पॅकिंग पूर्वीच्याच जाडीचे घ्या. ट्यूब कापून बसवणारे असतात, पण ते दोन तासांत भाजते. आणि जाड पॅकिंगने पिस्टनच्या डोक्यावर मोकळी जागा वाढते, तिथे हवा नुसती दबून परत पसरते, टाकीत कमी जाते. पातळ घेतले तर पिस्टन पत्तीला ठोकू शकतो. बोल्ट तिरपे, तीन फेऱ्यांत आवळा. आठ मिमीच्या बोल्टला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरते. दहा-पंधरा मिनिटे चालवून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा आवळा.

हे सगळे ठीक आणि तरीही वेळ जास्त लागते, तर रिंगा. तेलाचे झाकण किंवा ब्रीदर (तेलखान्यातली हवा सोडणारे तोंड) यातून धापा टाकल्यासारखी हवा येते, आणि टाकीतून निघणाऱ्या पाण्यात तेलाची तवंग दिसते. रिंगा घरी बदलायच्या असतील तर सिलिंडरला नखाने जाणवणारा ओरखडा आहे का ते आधी बघा, असेल तर नव्या रिंगा वाया. तेलाबद्दल ठाम सांगतो: मोटरसायकलचे २० डब्ल्यू ४० ओतू नका. त्यात कचरा धरून ठेवणारी रसायने असतात, तापलेल्या पत्तीवर ते कार्बन होऊन बसते, आणि पावसाळ्यातले पाणीही ते दुधासारखे मिसळून घेते. कॉम्प्रेसरचे व्हीजी १०० (हा तेलाच्या घट्टपणाचा नंबर) तेल घ्या, काचेच्या मध्यापर्यंतच भरा. काचेतून तेल दुधाळ दिसले तर लगेच बदला. एरवी साधारण ३०० तास किंवा सहा महिने.

टाकीत ८ बार आणि गनवर हवा नाही, अशी तक्रार उरली तर तो वेगळा प्रश्न आहे. गेज टाकीचे नको, गनच्या मागे लावा, आणि ट्रिगर दाबून ठेवून वाचा. ट्रिगर सोडलेला असताना चोंदलेला पाइपही पूर्ण दाब दाखवतो. ट्रिगर दाबल्यावर २ बारहून जास्त पडत असेल तर रेग्युलेटरच्या वाटीतला फिल्टर, ६ मिमीचा गुंडाळीचा पाइप आणि क्विक कपलर, या क्रमाने बघा. ८ किंवा १० मिमी आतल्या व्यासाचा सरळ पाइप घेतला की बराच फरक पडतो. आणि एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) स्प्रे गनला मिनिटाला २०० ते ४०० लिटर लागते, तुमचा पंप १३० देतो. गेट रंगवताना दाब उतरणारच, त्यात बिघाड काही नाही. कमी हवा खाणारी लहान नोझलची गन घ्या किंवा थांबत थांबत मारा.

प्रेशर स्विचचा मोठा नट आवळून ‘प्रेशर वाढवायचा’ मोह टाळा. तो नट मोटर बंद आणि चालू होण्याचे दोन्ही दाब वर सरकवतो, पंपाला ताकद देत नाही. साडेपाचला अडकलेला पंप तो नट कितीही फिरवला तरी साडेपाचलाच राहील, आणि पंप दुरुस्त झाल्यावर मात्र टाकी पाटीवरच्या मर्यादेच्या वर भरेल. आधीच कुणी फिरवला असेल तर दुरुस्तीनंतर पाव-पाव फेरा उलटा फिरवत ८ बारवर आणा. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून तो उडतो आणि परत बसतो याची खात्री करा.

राहिले टाकीतले पाणी, आणि पावसाळ्यानंतरच्या तक्रारीत ते विसरून चालणार नाही. २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असताना एक घनमीटर हवेत सुमारे २० ग्रॅम पाणी असते. तुमची टाकी एकदा भरताना ४३० लिटर हवा आत जाते, तिच्याबरोबर साधारण ९ ग्रॅम पाणी. दाबलेल्या ५० लिटर हवेत त्यातले एक-दोन ग्रॅमच वाफ म्हणून राहू शकते, बाकीचे तळाशी. वीस वेळा टाकी भरली की सव्वाशे मिलिलिटरच्या वर. जून ते सप्टेंबर रोज काम संपल्यावर एक-दोन बार दाब असतानाच ड्रेन उघडा, पाणी जोराने निघते. ड्रेनमधून तांबूस पाणी येणे म्हणजे गंज सुरू झाला. गंजाची लाल खपली येऊ लागली किंवा टाकीच्या तळाला साबणाचा बुडबुडा आला, तर एमसील, वेल्डिंग, पट्टी काहीही लावू नका. आतून पत्रा किती पातळ झाला ते बाहेरून कळत नाही आणि ८ बारची टाकी फाटली तर शेजारी उभा असलेला माणूस वाचत नाही. तशी टाकी भंगारात द्या. पंप, मोटर, स्विच आणि सेफ्टी व्हॉल्व्ह काढून नव्या टाकीवर बसवता येतात. घेताना पायांमधले अंतर आणि बोल्टची भोके जुन्या टाकीवर मोजून घेऊन जा.